डॉलर ९० रुपये म्हणजे काय? विदेशी चलनाचे दर वाचायला शिकताना

लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव विचारला की उत्तर रुपयांत मिळतं. पण रुपयाचा स्वतःचा भाव विचारला तर? तो रुपयांत सांगताच येत नाही, त्यासाठी दुसरं एखादं चलन शेजारी आणून उभं करावं लागतं. चलनबाजारातला प्रत्येक आकडा दोन चलनांमधलं प्रमाण असतो. बातम्यांत मात्र तो एकट्या रुपयाला मिळालेल्या गुणांसारखा वाचला जातो आणि नवख्या माणसाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

म्हणून कुठलाही दर समोर आला की तीन गोष्टी विचारायची सवय लावून घ्या. हा दर कोणत्या चलनाच्या तुलनेत आहे? कोणत्या दिवसाच्या व्यवहारासाठी आहे? आणि कोणासाठी आहे? मुलीची परदेशातली फी भरणारे पालक, आखातातून घरी पैसे येणारी कोकणातली कुटुंबं, युरोपात द्राक्षं पाठवणारा नाशिकचा बागायतदार आणि मोबाइलवर ‘फॉरेक्स ट्रेडिंग’ची जाहिरात पाहून उत्सुक झालेला तरुण, या सगळ्यांना हे तीन प्रश्न सारखेच उपयोगी आहेत.

उदाहरणांसाठी मी एक डॉलर म्हणजे ९० रुपये असा गोल आकडा धरला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये दराने हा आकडा पहिल्यांदा ओलांडला. तुम्ही वाचाल त्या दिवशी भाव वेगळा असेल, हिशेबाची रीत तीच राहील.

पायरी १ : जोडी वाचा

बाजारात चलनं जोडीने लिहितात, जसं यूएसडी-आयएनआर. पहिलं चलन म्हणजे माल आणि दुसरं म्हणजे तो माल ज्या चलनात मोजायचा ते. यूएसडी-आयएनआर ९० याचा अर्थ एका डॉलरला ९० रुपये. आकडा वाढला तर पहिलं चलन महाग झालं, दुसरं स्वस्त झालं. एवढं एक वाक्य पक्कं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

कोणतं चलन पहिलं लिहायचं हे प्रघाताने ठरलेलं आहे. युरो आणि पौंड डॉलरच्या आधी येतात, म्हणून युरोचा भाव १.१५ दिसला तर एका युरोला १.१५ डॉलर असं समजायचं. येन मात्र डॉलरनंतर येतो. तिथे १५० हा आकडा एका डॉलरला १५० येन असं सांगतो आणि तो वाढला की येन कमकुवत झालेला असतो. भारतात येनचा दर १०० येनांना अमुक रुपये असा सांगतात, कारण एका येनची किंमत रुपयाहूनही कमी असते.

दराच्या अगदी लहान हालचालीला जगाच्या बाजारात ‘पिप’ म्हणतात. बहुतेक जोड्यांत तो चौथ्या दशांश स्थानावर असतो, येनच्या जोडीत दुसऱ्या. आपल्याकडचे डीलर रुपयाबद्दल बोलताना सरळ पैशांत बोलतात, ‘रुपया आज १२ पैशांनी घसरला’ असं.

पायरी २ : टक्के नीट मोजा

डॉलर ८० वरून ९० रुपयांवर गेला. रुपया किती घसरला? बहुतेक जण १२.५ टक्के सांगतील. प्रत्यक्षात साडेबारा टक्क्यांनी डॉलर महाग झाला. रुपयाची घसरण मोजायची तर उलटा भाव काढावा लागतो. आधी एका रुपयाला ०.०१२५ डॉलर मिळत होते, आता ०.०१११ मिळतात. म्हणजे घट ११.१ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या चलनांबद्दल बोलतात. लांब काळाची तुलना करताना हा फरक बराच मोठा होतो, म्हणून लेखात किंवा भाषणात ‘रुपया इतके टक्के घसरला’ असं आलं की भागाकार कुठल्या आकड्याने केलाय ते बघा.

पायरी ३ : डॉलरच्या पलीकडे बघा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स दर तीन वर्षांनी जगभरच्या चलनबाजाराची पाहणी करते. एप्रिल २०२२ मध्ये रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर होती, एप्रिल २०२५ मध्ये ती ९.६ लाख कोटींवर गेली. यातल्या जवळपास नव्वद टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर असतो. त्यामुळे रुपया आणि युरो यांचा भाव बहुधा थेट ठरत नाही, तो डॉलरमधून काढला जातो. युरो १.१५ डॉलर आणि डॉलर ९० रुपये असेल, तर युरो १.१५ गुणिले ९०, म्हणजे १०३.५० रुपये. येनला भागाकार करायचा : ९० भागिले १५०, म्हणजे ०.६० रुपये, अर्थात १०० येनांना ६० रुपये. यालाच क्रॉस दर म्हणतात.

गणित सोपं आहे, त्याचे परिणाम सहज लक्षात येत नाहीत. २०२२ सालचं बघा. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर साडेचौऱ्याहत्तर रुपयांच्या आसपास होता, ऑक्टोबरात तो ८३ च्या घरात गेला. रुपया कोसळल्याच्या बातम्या वर्षभर चालू होत्या. त्याच काळात येन डॉलरसमोर रुपयापेक्षा कितीतरी वेगाने पडला, ११५ वरून १५० पर्यंत. परिणामी जानेवारीत १०० येनांसाठी सुमारे ६५ रुपये लागत होते, ऑक्टोबरात ५५ च्या आसपास पुरत होते. पौंडही जानेवारीत शंभर रुपयांच्या पुढे होता आणि सप्टेंबरअखेर काही काळ ८७-८८ पर्यंत खाली आला. त्या वर्षी मुख्यतः डॉलर चढत होता. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने झपाट्याने व्याजदर वाढवले आणि जगातला पैसा डॉलरकडे वळला. ऑक्टोबरपर्यंत रुपया डॉलरसमोर हरला, पण येन, पौंड आणि युरो यांच्यासमोर जिंकला.

आता हेच नाशिकच्या द्राक्षाला लावून बघा. निर्यातीचा मुख्य हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, मोठा माल नेदरलँड्समार्गे युरोपात जातो आणि तिथली बिलं बहुधा युरोत असतात. २०२२ च्या जानेवारीत युरो ८४ रुपयांच्या आसपास होता. एप्रिल संपताना तो ८१ च्या आसपास आला, आणि याच चार महिन्यांत डॉलर मात्र सुमारे दोन रुपयांनी वधारला होता. ‘रुपया घसरला की निर्यातदाराचा फायदा’ हे वाक्य ऐकून जो निर्धास्त राहिला त्याला २०,००० युरोंच्या बिलावर साठ हजार रुपये कमी मिळाले असतील. ते वाक्य चूक नाही, अर्धवट आहे. आपलं बिल कोणत्या चलनात आहे हे त्यात विचारलेलंच नाही.

आखातातल्या पैशाचं गणित याच्या उलट आहे. संयुक्त अरब अमिरातीने १९९७ पासून दिरहम डॉलरला बांधून ठेवला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. सौदी रियालही असाच ३.७५ वर बांधलेला आहे. त्यामुळे रुपयातला दिरहमचा भाव हा डॉलरच्या भावाचं रूप असतो : ९० भागिले ३.६७२५, म्हणजे साधारण २४.५१ रुपये. दुबईहून चिपळूण किंवा रत्नागिरीला पैसे पाठवणाऱ्याने डॉलरवर नजर ठेवली तरी पुरतं. कुवेती दिनार मात्र अनेक चलनांच्या टोपलीशी जोडलेला असल्याने तो थोडा वेगळा चालतो.

पायरी ४ : हा दर कोणासाठी आहे ते विचारा

टीव्हीवर दिसणारा दर बँकांच्या आपसांतला, लाखो डॉलरच्या व्यवहारांचा असतो. तो तुम्हाला मिळणार नाही. तिथेही एकच दर नसतो, दोन असतात : ८९.९९ ला कोणीतरी विकत घ्यायला तयार आणि ९०.०० ला कोणीतरी विकायला तयार. बँकेच्या शाखेत हे अंतर रुंदावतं, विमानतळावरच्या काउंटरवर आणखी रुंदावतं.

बँका रोज ‘कार्ड रेट’ जाहीर करतात. त्यात टीटी (म्हणजे खात्यातून खात्यात होणारे व्यवहार) बाइंग, टीटी सेलिंग आणि नोटांचे वेगळे बाइंग-सेलिंग असे रकाने असतात. नवखे लोक इथे उलटे वाचतात, म्हणून ध्यानात ठेवा की बाइंग आणि सेलिंग हे शब्द बँकेच्या बाजूने लिहिलेले आहेत. तुम्ही फी पाठवताना बँक डॉलर विकते, म्हणून तुम्हाला सेलिंग रेट लागतो. परदेशातून पैसे आले तर बाइंग. नोटांचे दर जवळपास नेहमीच सगळ्यांत वाईट असतात, कारण नोटा सांभाळणं आणि ने-आण करणं खर्चाचं असतं.

पाच लाख रुपयांची फी पाठवायची आहे असं समजा. चलन बदलण्यावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही, नियमाने ठरवलेल्या छोट्या मूल्यावर लागतो. पाच लाखांना ते मूल्य ३,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के म्हणजे ५४० रुपये. पण ९० च्या जागी बँकेने ९१ चा भाव लावला, तर सुमारे साडेपाच हजार डॉलरांवर साडेपाच हजार रुपये जास्त जातात. पावतीवर कर वेगळा छापलेला असतो म्हणून आपण त्यावर कुरकुर करतो. त्याच्या दहापट खर्च दरात मिसळून गेलेला असतो आणि तो कुठेच वेगळा दिसत नाही. ‘झिरो कमिशन’ची पाटी पाहिली की आधी दर विचारा.

यावर एक चांगला उपाय आहे आणि तो अजून पुरेसा माहीत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबईच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ‘एफएक्स-रिटेल’ नावाचा मंच सुरू केला. तुमच्या बँकेमार्फत नोंदणी केली की छोट्या ग्राहकालाही बाजाराच्या जवळचा दर स्वतः पाहून व्यवहार करता येतो आणि बँकेला आपलं शुल्क वेगळं, आधी सांगावं लागतं. निर्यात करणाऱ्या प्रत्येक छोट्या उद्योजकाने याची चौकशी करावी असं मला मनापासून वाटतं. मंच वापरला नाही तरी तिथला दर माहीत असला की शाखेत भाव करायला जोर येतो.

परदेशात कार्ड वापरताना मशीन विचारतं, रुपयांत बिल घ्यायचं की तिथल्या चलनात. तिथलं चलन निवडा. रुपयांत घेतलं तर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा स्वतःचा, बहुधा महागडा, दर लावते.

पायरी ५ : हा दर कोणत्या दिवसाचा?

बाजारात नुसता ‘दर’ म्हटलं की तो ‘स्पॉट’ असतो आणि स्पॉटमध्ये पैसे दोन कामकाजाच्या दिवसांनी हातात येतात. आजच्या आज हवे असतील तर ‘कॅश’, उद्या हवे असतील तर ‘टॉम’, आणि त्यांचे दर थोडे वेगळे असतात.

महिन्यांनंतरचा व्यवहार आजच ठरवला तर तो फॉरवर्ड. त्याचा दर कोणाच्या अंदाजावर ठरत नाही, दोन देशांच्या व्याजदरांवर ठरतो. डॉलर ९० असताना भारतात वर्षाला ६ टक्के आणि अमेरिकेत ४ टक्के व्याज आहे असं धरा. ९० रुपये इथे ठेवले तर वर्षाने ९५.४० होतात. एक डॉलर तिथे ठेवला तर १.०४ होतो. ९५.४० भागिले १.०४ म्हणजे ९१.७३. वर्षानंतरच्या डॉलरचा आजचा दर याच्या जवळपास असायला हवा. तो फार वेगळा असेल तर कोणीही एकीकडे कर्ज घेऊन दुसरीकडे ठेव ठेवून बिनधोक नफा कमावेल, आणि बँका तसं करूनच तो फरक मिटवतात. वरच्या १.७३ रुपयांना प्रीमियम म्हणतात.

‘वर्षाने डॉलर ९१.७३ होणार असं बाजार सांगतोय’ असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका. फॉरवर्ड हा व्याजाचा हिशेब आहे, भाकीत नव्हे. निर्यातदाराला मात्र त्यातून खरा आधार मिळतो. साठ दिवसांनी येणारे युरो आजच ठरलेल्या दराने विकून ठेवले तर पुढे भाव कुठेही गेला तरी आपला हिशेब पक्का राहतो, आणि वर थोडा प्रीमियमही मिळतो. आयातदाराला तोच प्रीमियम खिशातून भरावा लागतो.

पायरी ६ : भाव हलतो कशाने ते समजून घ्या

भाव नेहमीच बाजारात ठरत नव्हता. ६ जून १९६६ ला सरकारने एका फटक्यात डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपये केला. जुलै १९९१ मध्ये, परकीय चलन संपत आलं असताना, दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झालं. मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोडला गेला, तरी रिझर्व्ह बँक बाजारात उतरून डॉलर विकते किंवा विकत घेते. अमुक एक पातळी राखणं हा हेतू नाही, चढ-उतार आटोक्यात ठेवणं हा आहे, असं तिचं सांगणं असतं.

कारणांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा एक प्रसंग नीट पाहिलेला बरा. २२ मे २०१३ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तत्कालीन अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी करण्याचा विषय काढला. तेव्हा डॉलर साडेपंचावन्न रुपयांच्या आसपास होता. अमेरिकेत व्याज वाढणार म्हटल्यावर भारतासारख्या देशांतून पैसा बाहेर पडू लागला. आपली चालू खात्यातली तूट त्या काळी मोठी होती, म्हणजे निर्यात, सेवा आणि परदेशी भारतीयांचे पैसे मिळून येणाऱ्या डॉलरपेक्षा तेल, सोनं वगैरेंसाठी बाहेर जाणारे डॉलर खूप जास्त होते. ही तूट परदेशी गुंतवणुकीने भरून निघत होती आणि तीच आटली. २८ ऑगस्टला डॉलर ६८.८० च्या पलीकडे गेला.

त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने तीन सरकारी तेल कंपन्यांना बाजाराबाहेरून थेट डॉलर देण्याची सोय जाहीर केली. देशाच्या गरजेचं बहुतेक खनिज तेल आयात होतं, त्यामुळे या कंपन्या बाजारातल्या सर्वांत मोठ्या डॉलरखरेदीदारांपैकी असतात. त्यांना बाजूला काढल्यावर रोजच्या मागणीचा मोठा भाग कमी झाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि अनिवासी भारतीयांच्या विदेशी चलनातल्या ठेवींसाठी बँकांना सवलतीचा स्वॅप, म्हणजे डॉलर आज रिझर्व्ह बँकेला देऊन पुढे ठरलेल्या दराने परत घेण्याचा करार, दिला गेला. बँकांच्या परदेशी कर्जांसह त्यातून सुमारे ३४ अब्ज डॉलर आले. ऑक्टोबरात डॉलर ६१-६२ रुपयांवर उतरला होता.

व्याजदरातला फरक, तेल, चालू खातं, गुंतवणुकीची ये-जा आणि रिझर्व्ह बँकेची चाल, हे सगळे धागे या एका उन्हाळ्या-पावसाळ्यात दिसतात. महागाई यात सावकाश काम करते. ती एका दिवसात दर हलवत नाही, पण दहा-वीस वर्षांची दिशा बरीचशी तीच ठरवते. आपल्याकडे भाव अमेरिकेपेक्षा वेगाने वाढत राहिले तर रुपयाची डॉलरमधली किंमत हळूहळू उतरणं स्वाभाविक आहे. त्यात राष्ट्रीय अपमान शोधण्याचं कारण नाही.

म्हणूनच अर्थतज्ज्ञ नुसता डॉलरचा भाव न बघता ‘रीअर’ नावाचा निर्देशांक बघतात. रिझर्व्ह बँक तो ४० चलनांच्या तुलनेत, व्यापाराच्या प्रमाणात आणि महागाईचा फरक वजा करून काढते. पाया २०१५-१६ साल, म्हणजे १००. आकडा शंभराच्या बराच वर असेल तर रुपया त्या वर्षाच्या मानाने महाग आहे असा ढोबळ अर्थ होतो. डॉलर उच्चांकी असतानाही हा आकडा शंभराच्या वर असू शकतो.

पायरी ७ : ‘ट्रेडिंग’ करावंसं वाटलं तर आधी हे वाचा

ऑगस्ट २००८ मध्ये मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारे बाजारातले करार, सुरू झाले. एक लॉट, म्हणजे सौद्याचं सर्वांत लहान माप, हजार डॉलरचा, भावाची किमान हालचाल पाव पैसा, म्हणजे लॉटमागे अडीच रुपये. हिशेब रुपयांत मिटतो आणि अखेरचा भाव फायनान्शियल बेंचमार्क्स इंडियाच्या संदर्भदराने ठरतो. हा संदर्भदर रोज दुपारी जाहीर होतो आणि सामान्य वाचकाला ‘आजचा अधिकृत भाव’ म्हणून तोच पाहणं सोयीचं.

पण ३ मे २०२४ पासून रुपयाचा समावेश असलेले हे वायदे फक्त प्रत्यक्ष विदेशी चलनाची देणी-घेणी असलेल्यांनी, जोखीम झाकण्यासाठी वापरायचे आहेत. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, मात्र व्यवहार खरा असायला हवा. नुसता सट्टा म्हणून डॉलर-रुपयात उतरण्याची वाट सामान्य माणसाला बंद आहे.

मग मोबाइलवर दिसणाऱ्या त्या अ‍ॅपचं काय? बहुतेक अ‍ॅपना भारतात परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत मंचांची पहिली सावधगिरीची यादी काढली, तीत ३४ नावं होती. नंतर ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे, हेही बँकेने स्पष्ट केलं आहे. वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवण्याची जी सवलत आहे, तीत असल्या मार्जिनसाठी, म्हणजे उधारीवरच्या सौद्यासाठी ठेवायच्या अनामत रकमेसाठी, पैसे पाठवता येत नाहीत. फेमा या विदेशी चलनाच्या व्यवहारांवरच्या कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो आणि तो पैसे घालणाऱ्यालाही लागू होतो.

कायदा बाजूला ठेवून नुसतं गणित केलं तरी हात आखडावा असंच आहे. असे मंच १ ला ५०० ची उधारी देतात. तेव्हा भाव ०.२ टक्का विरुद्ध गेला की तुमचं भांडवल संपतं. युरो १.१५ डॉलर असताना ०.२ टक्का म्हणजे २३ पिप. युरो एवढा एका साध्या दिवसात, काही बातमी नसतानाही हलतो. तुमचा महिन्याभराचा अंदाज बरोबर असेल, पण तो खरा ठरण्याआधी दुपारीच खातं रिकामं झालेलं असेल. पैसे गुंतवा म्हणून जो कोणी व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवरून मागे लागला असेल, त्याच्या मंचाचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या अधिकृत संस्थांच्या यादीत शोधा. सापडलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका. आधीच पाठवला असेल आणि तो परत येत नसेल, तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर त्याच दिवशी तक्रार करा. जितका उशीर, तितका पैसा गोठवण्याची शक्यता कमी.